मायापुरीचा पंखा

आमच्या गाडीच्या रेडिएटरवर मी एकदा अंडी उकडली होती. भर मथुरा रोडवर, फडक्यात बांधून. खोटं वाटत असेल तर अप्पांना विचारा. अप्पा म्हणतील, "अंडी कुठली? बटाटे होते." खरं बोलायची आमच्या घरातली पद्धत ही अशी आहे.

ही गोष्ट दिल्लीत गाड्यांच्या वयाचा कायदा यायच्या आधीची. गुडगावचं तेव्हा गुरुग्राम झालेलं नव्हतं आणि म्हाताऱ्या गाड्यांना रस्त्यावर मरायची मोकळीक होती. आमची गाडी फिकट पिस्ता रंगाची होती. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, आणि दारं अशी जड की लावताना शेजाऱ्यांच्या भांड्यांना कापरं भरायचं. अप्पांनी केंद्र सरकारच्या नोकरीत असताना नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून ती घेतली होती. भावंडांचा क्रम म्हणाल तर दादा, मग गाडी, मग मी. लाडाचा क्रमही तोच, फक्त त्यात गाडी पहिली.

गाडीला दोन रोग होते. एक, ती तापायची. दुसरा, एकदा तापून बंद पडली की ढकलल्याशिवाय चालू व्हायची नाही. दिल्लीत असा एकही चौक नाही जिथं मी तिला ढकललेलं नाही. इंडिया गेटभोवती तर इतक्या वेळा ढकललंय की परदेशी पाहुणे उभं राहून टाळ्या वाजवायचे, त्यांना वाटायचं हा परेडचाच भाग. डिकीत सामान कधी मावलंच नाही. तिथं पाण्याचे कॅन असायचे.

मग माझी बदली झाली, थेट ईशान्येला. सरकारी क्वार्टर सोडायचं होतं. अप्पा दादाकडे राहायला जाणार, हे ओघानंच आलं. दादा गुडगावच्या एका उंच सोसायटीत राहतो, इतक्या उंच की त्याच्याकडे पाऊस खालून वर येतो. तळघरात त्याची दोन पार्किंगं. एकात त्याची काळी चकचकीत गाडी, आणि दुसरं रिकामं. त्या रिकाम्या जागेचा त्याला गाडीपेक्षा जास्त अभिमान.

"अप्पा, तुमची खोली तयार आहे," दादा म्हणाला. "फक्त गाडी नको. ऑइल गळतं, सोसायटीवाले बोंब मारतात. मायापुरीचा एक भंगारवाला आहे, तो घेऊन जाईल."

अप्पा म्हणाले, "बरं."

एवढंच. आता हा माणूस दूधवाल्यापासून खात्याच्या सचिवापर्यंत सगळ्यांशी भांडलेला. त्याच्या तोंडून 'बरं' हा शब्द मी आधी ऐकलाच नव्हता. माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनं अप्पांच्या कपाळाला हात लावून बघितला. त्या दिवसापासून अप्पांनी संध्याकाळी खाली जाणं सोडलं. रोज खाली उतरून गाडी पुसायची, काचा उतरवून थोडा वेळ आत बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याशी राजकारणावरून वाद घालायचा, हा त्यांचा रिवाज. तो बंद झाला. जेवण निम्म्यावर आलं. टीव्हीवर मंत्री काहीही बोलले तरी अप्पा गप्प. हे मात्र फार झालं.

मी दादाला फोन केला. "गाडी नीट केली तर ठेवशील?"

दादा इतका हसला की मला वाटलं फोनच गरम होऊन बंद पडणार. "अरे, ती नीट होत असती तर मी लहानपणी एवढी ढकलली असती का? माझे खांदे बघ, एक वर आहे, एक खाली आहे."

"केली तर?"

दादा एका मोठ्या कंपनीत कंत्राटं लिहितो. त्यामुळे होकारही तो कलमं घालून देतो. म्हणाला, "जूनमध्ये, भर दुपारी, जयपूर रोडनं धारूहेड्याच्या पुढच्या ढाब्यापर्यंत आणि परत माझ्या तळघरात. मी मागे बसणार. रस्त्यात पाणी ओतायचं नाही. ढकलायचं नाही. आणि तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला की गाडी भंगारात. मंजूर?"

"मंजूर."

"आणि मायापुरीवाल्याला मी त्याच दिवशी संध्याकाळी गेटवर बोलावून ठेवतो. म्हणजे नंतर रडारड नको."

हे सगळं अप्पांना सांगितलं. त्यांनी त्या रात्री तिसरी पोळी मागितली.

आता गंमत बघा. गाडी वाचवायला लागणारे भाग मिळणार कुठं? मायापुरीत. नवे मिळायचा प्रश्नच नव्हता, ते बनवणारे आजोबा होऊन गेले होते. मायापुरीच्या भंगार बाजाराबद्दल इतकंच सांगतो, की तिथं गाडी उभी करून पान खायला जाऊ नये. परत येईपर्यंत तुमचा आरसा दुकानात मांडलेला असतो आणि तुम्हीच तो घासाघीस करून विकत घेता. दारांचे डोंगर, स्टिअरिंगांच्या माळा, इंजिनांच्या राशी. त्यात एका ट्रकच्या सीटवर मांडी घालून एक जाडजूड भंगारवाला बसला होता. दादानं ठरवलेला तो हाच, हे मला बोलता बोलता कळलं.

"पिस्ता रंग की? गुडगाव जाना है उसको उठाने," तो म्हणाला. "और आप उसी के लिए सामान ले रहे हो?"

"हां."

त्यानं माझ्याकडे फार प्रेमानं पाहिलं. "ले जाओ साब, ले जाओ. घूम के आना तो यहीं है."

त्याच्याकडून मी एका मोडीत निघालेल्या व्हॅनचा जाड रेडिएटर घेतला, त्याला मागून बसवलेल्या विजेच्या पंख्यासकट. आमच्या गाडीचा जुना पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. सिग्नलला इंजिन मंद झालं की पंखाही डुलक्या घ्यायचा. हा नवा आपला आपण फिरणार, पाणी तापलं की चालू. शिवाय आमच्याच जातीच्या इंजिनाची, पण पुढच्या पिढीतली एक अपघातातली गाडी तिथं पडली होती. तिची ठिणगी देणारी सगळी यंत्रणा, डिस्ट्रिब्युटर आणि कॉइल, मी सोडवून घेतली. जुन्या पद्धतीत दोन बारीक पॉइंट उघडमीट करून ठिणगी पाडायचे. ते तापले की इंजिन रुसायचं. नव्यात पॉइंट नाहीत, एक इलेक्ट्रॉनिक डबी ते काम करते, आणि तिला ऊन लागत नाही. होज पाइप, वायर आणि चिकटपट्टी करोल बागेतून नवी आणली.

क्वार्टरच्या खाली, कडुनिंबाच्या सावलीत आम्ही शस्त्रक्रियेला बसलो. अप्पा खुर्ची टाकून. हातात बॅटरी, तोंडात सूचना. डिस्ट्रिब्युटर असा बसला की जणू आपल्याच घरी आला. रेडिएटर मात्र बसेना. मी पुढचा पत्रा कापला, ठोकला, वाकवला, त्याला शिव्या दिल्या. शेवटी शिव्या लागू पडल्या.

राहिला पंखा. त्याला दोन वायरी होत्या. त्यांचं टोक भंगारवाल्यानं कोयत्यानं छाटलेलं, आणि धुरानं दोन्ही सारख्याच काळ्या. मी एकदा जोडल्या. पंखा फिरला, पण गाडीच्या समोर उभं राहिलं तर तोंडावर वाऱ्याची झुळूक नाही. "मेलेला आहे," मी म्हणालो. मग वायरी उलट जोडल्या. आणि काय सांगू! जाळीतून असा झक्क वारा तोंडावर आला की माझे केस मागे गेले आणि शर्टाचं बटण उडालं. दिल्लीत उन्हाळ्यात माणूस पंख्यासमोर एकाच प्रश्नासाठी उभा राहतो: तोंडावर वारं येतंय का? येतंय! कॉलनीत बातमी पसरली. खालच्या मजल्यावरचे अंकल बनियन वर करून गाडीसमोर उभे राहिले. म्हणाले, "भाईसाब, अपना कूलर इसके आगे कुछ नहीं." त्यांच्या मिसेस, त्यांचा कुत्रा, इस्त्रीवाला, सगळे रांगेनं वारा घेऊन गेले. अप्पाही उभे राहिले, डोळे मिटून. मग म्हणाले, "उत्तम." 'उत्तम' हा शब्द ते थेट मला उद्देशून आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

परीक्षेच्या दिवशी आभाळ पितळेसारखं तापलं होतं. दादा टॅक्सीनं आला आणि आल्या आल्या त्यानं डिकी उघडून तपासली. मागच्या सीटवर बायकोच्या पायाशी बरणी दिसली, ती उचलून त्यानं हलवली.

"हे काय? पाणी?"

"पन्हं आहे, भावजी. गाडी पीत नाही, फक्त माणसं पितात."

दादानं झाकण काढून वास घेतला आणि खात्री करण्यासाठी अर्धी बरणी रिकामी केली.

मी गाडी चालवायला, शेजारी अप्पा, मागे दादा आणि बायको. अप्पांनी धुतलेला शर्ट घातला होता, इस्त्रीचा, वरच्या बटणापर्यंत लावलेला. निकालाला निघालेल्या मुलासारखा. त्यांची सुटकेस डिकीत होती, कारण निकाल काहीही लागला तरी आज ते दादाकडेच राहणार होते. एवढाच प्रश्न होता की सोबत गाडी राहणार, की भंगारवाल्याच्या क्रेनला टांगून जाणार.

धौला कुआँला तुफान गर्दी. एरवी इथं आमची गाडी सुस्कारे टाकायला लागायची. आज काटा बरोबर मध्यावर, सरकारी बाबूसारखा, ना इकडे ना तिकडे. गर्दी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. आजूबाजूच्या नव्या कोऱ्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या आणि आम्ही थंडगार.

"दादा, काटा दिसतोय ना तिथून?" मी विचारलं. "की चष्मा देऊ?"

"दिसतोय."

"नाही, म्हटलं, पार्किंग झाडून ठेवायला फोन करायचा असेल तर आत्ताच कर. रेंज चांगली आहे."

अप्पा म्हणाले, "समोर बघ आणि चालव." पण त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मी पाहिला.

गुडगावचे काचेचे मनोरे मागे पडले आणि रस्ता मोकळा झाला. मी पाय दाबला. गाडीनं अशी उसळी घेतली की अप्पांनी डॅशबोर्ड धरला. नव्या ठिणगीनं म्हातारीला पंख फुटले होते. ट्रक मागे पडत होते, हवा खिडक्यांतून शिट्ट्या मारत होती, आणि मी मोठ्यानं कुठलं तरी गाणं म्हणायला सुरुवात केली.

"अहो," बायको म्हणाली, "काटा."

काटा हलला होता. मध्यावरून थोडा पुढे. मी गाणं थांबवलं.

"असं होतं थोडं," मी म्हणालो. "मोकळ्या रस्त्यावर जरा ताणते ती."

"मोकळ्या रस्त्यावर तर वारं जास्त लागतं ना रे?" दादानं विचारलं. गोड आवाजात विचारलं, तेच वाईट.

काटा अजून पुढे सरकला. मी वेग कमी केला नाही, उलट वाढवला, म्हटलं जास्त वारा लागेल. काटा जणू याचीच वाट बघत होता. तो असा चढायला लागला की मला वाटलं आता डायल फोडून छताला जाऊन लागणार. तेवढ्यात दादाचा फोन वाजला. भंगारवाला. दादानं मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"साब, क्रेन लेके निकलूं क्या?"

दादा माझ्या मानेकडे बघत म्हणाला, "निकलो. आराम से निकलो."

अप्पांचे डोळे काट्यावर. हात मांडीवर ठेवलेले, पण बोटं विजारीचं कापड चिमटीत धरून बसली होती.

टोलनाका आला. ट्रकांची ही लांब रांग. मी मनात म्हटलं, संपलं, आता उभ्यानं हिचा भडका उडणार. आम्ही रांगेत थांबलो, आणि काटा खाली यायला लागला. आपण होऊन. हळूहळू, अगदी सभ्यपणे, परत मध्यावर.

"हे काय?" दादा दोन सीटांच्या मधून पुढे वाकला. "उभी राहिली की थंड, आणि धावली की ताप?"

"नवा रेडिएटर आहे, सवय होतेय," मी ठोकून दिलं.

"रेडिएटरला कसली सवय? तो काय जावई आहे?"

कपाळावर आठी घालून अप्पा बॉनेटकडे बघत राहिले. टोल ओलांडला, रस्ता मोकळा झाला, आणि काटा पुन्हा चढायला लागला. मी वेग कमी केला, तर मागचे ट्रक असे भोंगे वाजवायला लागले की कानातला मळ निघाला. वेग वाढवला, तर काटा. मानेसर गेलं. रस्त्यावर पाण्यासारखी मृगजळं लोळत होती आणि आम्हाला थेंब ओतायची परवानगी नव्हती. डायलवरची लाल पट्टी मी लहानपणापासून बघत आलोय, पण ती एवढी रुंद आहे हे मला त्या दिवशी समजलं.

"टेकला," दादा म्हणाला.

"नाही टेकला," मी म्हणालो.

"टेकला! मला दिसतोय."

"तू मागून तिरका बघतोयस. तिरकं बघितलं तर सगळंच टेकलेलं दिसतं."

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि डायलला नाक लावलं. इतका वेळ लावलं की मला वाटलं ते नाकानं काटा मागे ढकलतायत. मग म्हणाले, "टेकला नाही. केसभर मागे आहे."

"कुणाच्या केसाभर, अप्पा?"

"तुझ्या नाही. तुला आहेत कुठं?"

बायकोला हसू आलं, पण ते घशातच राहिलं, कारण अप्पा लगेच म्हणाले, "थांबव गाडी."

थांबवायची म्हणजे काय, हे गाडीतल्या चौघांनाही माहीत होतं. तापलेली असताना थांबवली तर इंजिन बंद करावं लागणार. आणि बंद केलेलं तापलेलं इंजिन परत चालू होणं हे या गाडीच्या इतिहासात घडलेलं नव्हतं. ढकलली तरी हरलो, न थांबता गेलो तरी हरलो. मी एका बाभळीच्या, म्हणजे इकडच्या कीकरच्या, फाटक्या सावलीला गाडी घेतली. इंजिन चालूच ठेवलं. बॉनेट उघडलं. पंखा गरगरा फिरत होता. पाणी कुठं गळत नव्हतं. पाइप शाबूत. सगळं ठीक होतं आणि काहीच ठीक नव्हतं.

मी बॉनेटमध्ये डोकं घालून मोठमोठे शब्द वापरायला लागलो. थर्मोस्टॅट म्हणालो, प्रेशर म्हणालो, राजस्थानच्या हवेचा दोष म्हणालो. दादा घड्याळ बघत होता. अप्पा दार उघडं टाकून सीटवरच बसून राहिले, पाय बाहेर सोडून. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. मला ते बघवेना.

बायको गाडीच्या समोर गेली. घामानं निथळत होती. ओढणीनं मान पुसत ती जाळीसमोर उभी राहिली आणि झटक्यात मागे सरली.

"अहो, हे वारं आहे की भट्टी?"

"इंजिन तापलंय, मग वारं गरमच येणार."

"म्हणजे हे इंजिनाकडून माझ्याकडं येतंय?"

"हो. मग?"

"आणि गाडी कुठल्या दिशेनं जाते?"

"पुढे! गाडी कुठल्या दिशेनं जाते म्हणजे काय?"

"मग पुढून येणारं वारं कुठं जायचं?"

मी जाळीपाशी वाकलो. तिनं ओढणीचं टोक जाळीसमोर धरलं. ते फडफडत बाहेर उडालं, सरळ जयपूरच्या दिशेला, झेंड्यासारखं.

"स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट तुम्ही बसवलात तेव्हाही हेच केलं होतंत," ती म्हणाली. "फोडणीचा सगळा धूर घरात. हा पंखा आत ओढायला हवा ना? हा तर बाहेर फेकतोय."

कूलर! मी मोटारीला कूलर करून ठेवलं होतं. तोंडावर वारं येतंय म्हणून आख्ख्या कॉलनीनं जिची वाहवा केली, ती हवा उलटी वाहत होती. गाडी उभी असली की काही बिघडत नव्हतं. वारं कुठूनही कुठंही जावो, रेडिएटरमधून गेलं की झालं. पण गाडी धावायला लागली की रस्त्याचं वारं पुढून आत घुसायला बघणार आणि माझा पंखा त्याला आतून बाहेर ढकलणार. दोन बैल शिंगाला शिंग लावून उभे, आणि मधल्या रेडिएटरला झुळूक नाही. जितकं जोरात पळावं तितकी झुंज घट्ट. आणि पहिल्यांदा मी वायरी बरोबर जोडल्या होत्या! तोंडावर वारं आलं नाही म्हणून त्याला मेलेला ठरवला होता.

दादाला आधी हसू आलं आणि मग तो जमिनीवर बसला. "अरे, तू गाडीला नाही, हरियाणाला वारा घालत होतास!"

"आत्ता बदलतो वायरी."

"थांब. वायरी बदलणं ठरलं नव्हतं."

तेव्हा सीटवरून अप्पांचा आवाज आला. जुना आवाज, सचिवाशी भांडणारा. "पाणी ओतायचं नाही. ढकलायचं नाही. काटा लाल पट्टीला टेकायचा नाही. यात वायरींचं कुठं बोलला होतास?"

दादानं मान डोलावली. कलम म्हणजे कलम. ठरलेल्या कलमाचा मान राखल्याशिवाय त्याला पोळी गोड लागत नाही.

"पण इंजिन बंद करून," अप्पा म्हणाले. "फिरत्या पंख्यात हात घालायचा नाही."

मी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं आणि जयपूर रोडवरचे सगळे ट्रक असूनही मला अशी शांतता ऐकू आली की काय सांगू. गरम पत्रा टिकटिक करत होता. वायरींवरची चिकटपट्टी सोलताना माझी दोन बोटं भाजली. दहाच्या दहा भाजली म्हटलं तरी चालेल. वायरी उलटवल्या, पीळ दिला, पट्टी गुंडाळली. दादा शेजारी येऊन उभा राहिला आणि न सांगता त्यानं बॅटरीच्या तारेवरून माझ्या शर्टाची बाही बाजूला धरली. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

परत सगळे आत बसलो. दादाचा फोन वाजला. त्यानं खिशातून काढला, बघितला आणि वाजू दिला.

मी किल्ली फिरवली. स्टार्टर घुरघुरला. घुर्र, घुर्र, घुर्र. इंजिनानं काही ऐकल्याचं दाखवलं नाही. मी परत फिरवली. घुर्र, घुर्र. पेट्रोलचा वास आला. दादानं श्वास सोडला, आणि त्यात आनंद नव्हता हे मी त्याचा भाऊ म्हणून सांगू शकतो. बायकोनं माझी सीट मागून घट्ट धरली होती. अजून दोनदा फिरवली असती तर बॅटरीच संपली असती, आणि मग नव्या डबीचा काही उपयोग नव्हता.

अप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पाय काढ."

"काय?"

"ॲक्सिलरेटरवरून पाय काढ. जुन्या सवयीनं दाबून धरलायस. पूर्वी गरम असली की दाबायला लागायचं, आता तुझ्या त्या डबीला नको असेल. तिला तिच्या मनानं करू दे."

मी पाय काढला. माझा उजवा पाय तिथं असा चिकटला होता की तो मला डाव्या हातानं उचलून बाजूला ठेवावा लागला. थोडं थांबलो, पेट्रोलचा वास ओसरू दिला. मग किल्ली फिरवली.

पहिल्याच आचक्याला इंजिन लागलं. खोकलं नाही, शिंकलं नाही. जणू त्याला कुणी आत्ताच चहा दिला होता. बायकोनं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की तो अजून दुखतो. दादा म्हणाला, "आयला!" आणि लगेच अप्पांना म्हणाला, "सॉरी."

तरी अजून काटा होताच. मी गाडी रस्त्यावर घेतली आणि हळूहळू वेग वाढवला. चौघांची चार तोंडं डायलकडे. काटा लाल पट्टीच्या शेजारी बसून राहिला, विचार करत. एक ट्रक मागे पडला, दुसरा पडला. मग काटा उतरला, आणि एकदा मध्यावर आला तसा तिथंच राहिला. मी ट्रकांना मागे टाकलं, बसना मागे टाकलं. एक हेलिकॉप्टर होतं, त्यालाही मागे टाकलं असतं, पण ते वळलं. काटा हलला नाही. धारूहेड्याच्या पुढच्या ढाब्यावर आम्ही बाज टाकून बसलो तेव्हा अप्पांनी पराठ्यावर पराठा मागवला आणि वाढप्याशी हरियाणाच्या राजकारणावरून कडाक्याचं भांडण केलं. बायको माझ्या कानात म्हणाली, "झाले बरे."

परत निघताना काही सांगण्यासारखं घडलं नाही. हीच सांगण्यासारखी गोष्ट.

सोसायटीच्या गेटवर भंगारवाला क्रेन घेऊन उभा होता. आमची गाडी आपल्या पायांनी आलेली बघून तो चार पावलं पुढे आला. बॉनेटच्या फटीतून त्यानं आत डोकावलं आणि आपला रेडिएटर, आपला पंखा ओळखला.

"साब," तो दादाला म्हणाला, "माल तो हमारा ही है."

दादा खाली उतरला. त्यानं एकदा क्रेनच्या आकड्याकडे पाहिलं, एकदा खिडकीत बसलेल्या अप्पांकडे. अप्पा सरळ समोर बघत होते. त्यांचा जबडा मात्र घट्ट आवळलेला. निकाल लागला होता, पण तो वाचून दाखवणारा दादा होता.

"था," दादा म्हणाला. "अब हमारा है. आप जाओ भैया, चाय पी के जाओ."

क्रेन मागे वळेपर्यंत अप्पा हलले नाहीत. मग त्यांनी दार उघडलं, उतरले, आणि दादाच्या समोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता मिठी मारतात की काय.

"हा आठवड्यानं जाणार," अप्पा माझ्याकडे बोट दाखवून दादाला म्हणाले. "मग ही चालवायची कुणी?"

दादाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी इतक्या वर्षांत काट्यावरही पाहिलेलं नाही. त्याच्या कलमांत हे बसलंच नव्हतं.

"अप्पा, मला तो स्टिअरिंगवरचा गिअर येत नाही. लहानपणी तुम्ही मला फक्त ढकलायला ठेवलं होतंत."

"बस," अप्पा म्हणाले, आणि त्याच्यासाठी चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडून धरलं. "खाली उतार आहे, सोपं जाईल. आधी क्लच दाब. तो नाही, तो ब्रेक."